आईनं सोडलेला भात

माझं लग्न ठरत आलं होतं तेव्हा मांडीवर चट्टा उठला. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. मग एकदा करवंदीचा काटा त्यात मोडला, आणि ते मला घरी येऊन धोतराला रक्त दिसलं तेव्हा कळलं. आई काटा उकरून काढत होती आणि मी खुशाल तिच्याशी गप्पा मारत होतो. मध्येच तिचा हात थांबला. "हे माझंच हाय," ती म्हणाली.

मी पोटात असताना तिनं गवताच्या गंजीजवळ नाग मारला होता. नाग मारला की घरात महारोग येतो, हे आमच्या जांबोटीच्या रानात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. भटजींनी सांगितलं तसा कणकेचा नाग केला, त्याला अग्नी दिला, ब्राह्मण जेवून गेले आणि चट्टे वाढतच राहिले. तेव्हा आईनं कुणाला न विचारता भात सोडला. आमच्याकडं शेतात भात, घरात भात, पाहुणा आला तरी भात. तिथं ही बाई नाचणीची भाकरी आणि ताक यांवर राहिली. वडील नव्हते, तिला दटावणारं कुणी नव्हतं. तिच्या गळ्याची हाडं वर आली. लग्नाची बोलणी मोडली त्याचं मला तितकं वाटलं नाही, पण तिची ती भाकरी बघून माझं टाळकं फिरायचं.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. चुलत्यांनी मला बेळगावला आणून मिशनच्या महारोग्यांच्या दवाखान्यात ठेवलं. तिथं कडूकवठीच्या तेलाची इंजेक्शनं देत. ते झाड आमच्याच रानातलं, आई त्याच्या तेलाचा दिवा लावायची. आता तेच तेल बेळगावला येऊन कमरेत टोचून घ्यायचं. दवाखान्यात एक उपदेशक यायचे. मूळचे निपाणीकडचे, तंबाखूच्या रानात वाढलेले, मोठेपणी ख्रिस्ती झालेले. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. माणूस चांगला. आमच्याजवळ बसायचे, तरी नाकाला रुमाल लावायचे नाहीत. त्यांचं सांगणं एकच: माणसाला आपलं पाप फेडता येत नाही. उपास करा, यात्रा करा, काहीही करा. देवाच्या पुत्रानं वधस्तंभावर ते सगळं फेडून टाकलं आहे. आपण फक्त विश्वास ठेवायचा. मग देव आपल्याला नीतिमान धरतो.

मला स्वतःला त्याची निकड नव्हती. पण हे खरं असेल तर आई भात खाईल, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

"मास्तर, नाग मारल्याचं पापही त्यात आलं का?" मी विचारलं.

"अरे, तुझा रोग नागानं आलेला नाही. जंतूनं आलाय. आईचं त्यात पाप नाही."

"मग तिला माफीची गरज नाही?"

"आहे. सगळ्यांनाच आहे. दुसरी पापं असतातच की."

म्हणजे आईला आधी पटवायचं की तू हे पाप केलेलं नाहीस, मग पटवायचं की तू दुसरी केली आहेस, आणि मग सांगायचं की तीही फिटली. माझं डोकं गरगरलं. शिवाय विश्वास ठेवायचा म्हणजे तेही एक करणंच झालं की, असं मी म्हणालो. मास्तर म्हणाले, "देणारा देतोय, तू नुसता हात पुढं कर." मी माझ्या बधिर बोटांकडं बघितलं. तिथं कुणी काही ठेवलं असतं तरी मला कळलं नसतं.

आई अधूनमधून यायची. पहाटे जांबोटीहून निघून दिवस कलायला बेळगावात पोचायची, खडेबाजारात ओळखीच्यांच्या पडवीत मुक्काम करायची आणि सकाळी दवाखान्यात यायची. आवारात चुना लावलेल्या दगडांची ओळ होती. अलीकडं आम्ही, पलीकडं भेटायला आलेले. तिथं बसून मी तिला सांगितलं, "आई, तुझं पाप फिटलंय. आता भात खा."

"कुणी फेडलं?"

"देवाच्या लेकानं."

"त्यानं नाग मारलता?"

"न्हाय. त्यानं कायच केलं नव्हतं."

तिचे डोळे भरले. "म्हंजी तुझ्यागतच की रं," ती म्हणाली. "केलं एकानं आणि भोगलं त्या पोरानं. ह्यात भात खाण्याजोगं काय हाय?"

जे सांगताना मास्तरांचा चेहरा उजळायचा, ते आईला ऐकवलं तर तिचंच दुखणं निघालं. मी तसाच मास्तरांकडं गेलो. "आईसाठी मी भोगतोय असं ती म्हणते. मग मी आणि तो यात फरक काय?" मास्तर पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. फरक जमीन-अस्मानाचा, म्हणाले. तो एकच, त्याच्यासारखा दुसरा नाही. थोड्या वेळानं शांत होऊन म्हणाले, "आणि तो राजीखुशीनं गेला. त्याच्यावर कुणी लादलं नव्हतं."

मी तेवढंच धरून बसलो. पुढच्या खेपेला आई आली तेव्हा म्हणालो, "हे मी राजीखुशीनं घेतलंय. माझी तक्रार न्हाय. झालं गेलं संपलं." हे खरं होतं की खोटं, देवाची निंदा होती की आणखी काही, मला आजही ठाऊक नाही.

आई ताडकन उठली. "तुला कुणी घ्यायला सांगितलं? आईचं वझं पोरानं उचलायचं आणि आईनं बसून भात खायचा? घास उतरंल का माझ्या नरड्याखाली?" आणलेली पुरचुंडी दगडांवर ठेवून ती चालती झाली.

शेवटी ती पुन्हा आली तेव्हा मास्तर स्वतः तिच्याशी बोलले. दगडांपलीकडं जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांच्या तोंडात आपोआप घरची बोली आली. "आक्का, तो मेला खरा, पण तिसऱ्या दिवशी उठला की."

"बरा हून?"

"व्हय. पण हातापायाला खुणा राहिल्या."

"त्या खुणा घिऊन आईकडं गेला का?"

मास्तर आठवू लागले. एरवी कुठं काय लिहिलंय ते त्यांना तोंडपाठ असायचं. "शिष्यांकडं गेला. आईकडं गेल्याचं लिहिलेलं न्हाय," ते हळूच म्हणाले.

"गेला असंल," आई म्हणाली. "लिवणारा बाप्या असंल, त्येच्या ध्यानात आलं नसंल."

मास्तर हसले नाहीत. त्या दिवशी ते प्रार्थना न करताच गेले. मी मात्र अधिकच गोंधळलो.

पुढं डॉक्टर म्हणाले, रोग थांबलाय, आता कुणाला लागणार नाही, घरी जा. दोन बोटं वाकडी राहिली होती. गाव मला आत घेईना, तेव्हा चुलत्यांनी शेताच्या कडेला खोपट घालून दिलं. आई आपली भांडी घेऊन तिथं राहायला आली. पहिल्याच दिवशी तिनं भात रांधला, मला वाढला, आणि मी निम्मा जेवलो असताना माझंच ताट पुढं ओढून त्यात हात घातला.

मी ओरडलो. इतक्या वर्षांनी ती भात खात होती, पण आनंद व्हायच्या आधी मला भीतीच वाटली. "आई, येगळं वाढून घी की!"

"का? लागत न्हाय म्हणालाय न्हवं डॉक्टर?" तिनं शांतपणे दुसरा घास घेतला. "आणि लागलं तर माझं माझ्याकडं यील."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. भात सोडून रोग माझ्या अंगावरनं उतरला नाही, म्हणून आता भात खाऊन तिला तो स्वतःच्या अंगावर घ्यायचा होता. मी रागावलो, ताट लपवलं, उपाशी बसलो; ती ऐकेना. रोज माझ्या उष्ट्यात जेवायची. भात अंगी लागला, तिचे गाल भरले. तिच्याकडं बघून मला बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटायची. मास्तर एकदा चालत आमच्या खोपटापर्यंत आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि हा विश्वास म्हणायचा की अविश्वास, असं विचारलं. "मला सांगता यायचं न्हाय रं," ते म्हणाले.

काही वर्षं गेली. एका सकाळी आई उन्हात बसून आपले हात उलटसुलट करून बघत होती, जागोजागी चिमटे घेत होती. मी जवळ गेलो तसे तिनं ते माझ्यापुढं धरले.

"बघ, अजून कायबी न्हाय," ती गाऱ्हाणं सांगावं तसं म्हणाली.

"बरं झालं की, आई," मी म्हणालो.

ती रडायला लागली.