पानाकाकांनी शब्द दिला नाही

खिशात सदानकदा पाना असायचा, म्हणून खेळाडूंनी त्यांचं नाव पानाकाका ठेवलं होतं. क्रीडासंकुलाच्या जिन्याखालची खोली हेच त्यांचं राज्य. व्हीलचेअर बास्केटबॉल म्हणजे रोजच्या टकरी, त्यामुळे रोज कुठली तरी तार तुटलेली, कुठलं तरी चाक वाकलेलं. आधी त्यांचं सायकलींचं दुकान होतं. ते मोडल्यावर संघाच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, त्यांना इथे आणलं. सरांचा शब्द काका खाली पडू देत नसत.

त्या दुपारी भिंगरीची खेळायची खुर्ची पंक्चरसाठी आली. भिंगरी सोळा वर्षांची. अपघातानंतर कमरेखाली तिला काही जाणवत नसे, पण मैदानावर ती अशी गर्रकन वळे की समोरचा बघतच राही. राज्य संघाची निवड दहा दिवसांवर आली होती.

काकांनी गादी उचलली आणि त्यांचा हात थांबला. खालच्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग, आणि त्याची कड अजून ओली. मग त्यांनी कमरेचा पट्टा उलटा केला. मूळच्या भोकांच्या पुढे दोन नवी भोकं होती, खिळ्याने पाडलेली, ओबडधोबड.

भिंगरी तिच्या रोजच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होती.

"पोरी, गादीवर रक्त आहे."

तिने आधी दाराकडे पाहिलं. "हळू बोला ना! निवड होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असं सरांनी सांगितलंय."

"सरांना माहीत आहे?"

"पट्टा त्यांनीच आवळलाय. सैल बसलं की वळायला उशीर होतो म्हणाले. आणि मला कुठे दुखतंय? काही कळतच नाही."

"आईला सांगितलंस?"

"वेड लागलंय का? ती खेळ बंद करेल." तिने काकांची बाही धरली. "काका, शप्पथ घ्या. कुणाला सांगणार नाही म्हणा."

काकांचा थोरला भाऊ बांधकामावरून पडून असाच लुळा झाला होता. पाठीवरच्या एका जखमेने त्याला नेलं. 'दुखत नाही रे,' म्हणायचा तो, अगदी शेवटपर्यंत.

"शब्द देत नाही," काका म्हणाले. "मी सांगणार आहे. संकुलात खेळाडूंच्या तक्रारी बघणाऱ्या ताईंना, आणि त्यांच्यामार्फत तुझ्या आईला. बाकी कुणाला नाही. तुझ्या माघारी काही करणार नाही, म्हणून आधी तुला सांगतोय."

तिने बाही सोडली. "मग आजपासून तुमच्याशी नुसती कट्टी नाही, काहीच नातं नाही. मेलात तुम्ही माझ्यासाठी."

तेवढ्यात दारात सर. "झाली का खुर्ची?" मग त्यांची नजर गादीवर गेली आणि आवाज उतरला. "पानाकाका, तुम्ही चाकं बघा. माणसं मी बघतो."

"जखम खोल असेल, सर."

"दहा दिवस! मग मी स्वतः नेतो तिला डॉक्टरकडे. तिचं वर्ष वाया घालवणार आहात?" ते आत आले, गादीला हात घातला. "ही खोली तुम्हाला कुणी मिळवून दिली, आठवतंय ना?"

काकांनी गादी सोडली नाही. एका हाताने ती छातीशी धरून त्यांनी दुसऱ्या हाताने खेळायच्या खुर्चीची दोन्ही चाकं काढून ठेवली. भिंगरीच्या रोजच्या खुर्चीला त्यांनी बोट लावलं नाही. भिंतीवरच्या फलकावर ताईंचा नंबर होता. तीन वर्षं ते त्याच्या खालून ये-जा करत होते, पण वाचायची वेळ आज आली. सरांच्या देखत त्यांनी तो फिरवला.

ताई यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास तिघंही त्या खोलीत होते. सर दारात उभे, भिंगरी भिंतीकडे तोंड करून, आणि काका गादी धरून.

ताईंनी सरांना बाहेर बसवलं, आईला बोलावून घेतलं आणि आधी भिंगरीचं ऐकलं. काकांना म्हणाल्या, "जेवढं पाहिलंत तेवढंच सांगा. अंदाज नको."

जखम हाडापर्यंत पोचायला आली होती. आणखी आठवडाभरात विष रक्तात भिनलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढचे अकरा आठवडे पोरगी पालथी पडून. चौकशीत आणखी दोघांच्या पट्ट्यांवर तशीच भोकं निघाली. सरांना काढलं. निवडीत संघाचं एकही नाव लागलं नाही, आणि निम्म्या पालकांनी काकांशी बोलणं टाकलं. काका रोज भिंगरीच्या आईला फोन करून विचारपूस करत. भिंगरी एकदाही फोनवर आली नाही.

एके दिवशी ती आपणहून दारात आली, वाळलेली, केस कापलेले.

"राग गेलेला नाही माझा."

"नको जाऊ दे."

"आई म्हणते, आभार मान. मला नाही जमणार आत्ता."

"बरं."

ती तिथेच थांबली. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवून तिने अंग वर उचललं. "डॉक्टरांनी दर पंधरा मिनिटांनी असं करायला सांगितलंय, पुन्हा जखम होऊ नये म्हणून. साठ मोजेपर्यंत. मोजा ना."

काकांनी हातातलं काम ठेवलं आणि मोठ्याने मोजायला लागले. चाळीसला तिचे दंड थरथरायला लागले. ती खाली बसली नाही.