दोघांसाठी मांडलेला नाश्ता

समुद्रापलीकडे पेटलेल्या दलदलीच्या धुरक्यामुळे आज इथे बुकित पंजांग भागातल्या आपल्या फ्लॅटच्या खिडक्या बंद आहेत, तरी जळक्या मातीचा वास आत येतोच. बाळांनो, हाच वास मला आयर्लंडच्या एका खेड्यात आला होता. तिथे दलदलीतली माती वाळवून शेकोटीत जाळतात.

तुमचे आजोबा जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. सगळे फोन तुमच्या बाबांनी केले, कागदपत्रं मी वेळच्या वेळी पूर्ण केली. आमच्या दोघांच्या सहलीचं बुकिंग तेवढं बदलायचं राहिलं, म्हणून एकटीच गेले.

जिथे उतरले होते, त्या घरात पहिल्या सकाळी टेबलावर दोन ताटल्या होत्या.

"आणि साहेब?" घरमालकीणबाईंनी विचारलं.

"झोपलेत," मी म्हटलं. खरं अजून तोंडाने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"झोपू दे बिचाऱ्यांना, गारठा आहे." त्यांनी एक ताटली झाकून शेकोटीजवळ ठेवली आणि त्या गाईंकडे गेल्या. अन्न टाकवेना, म्हणून मी त्या ताटलीतली अंडी आणि टोस्टही खाल्ले. कशालाच चव नव्हती.

परत आल्यावर रिकामी ताटली पाहून बाई हसल्या. "उठले वाटतं! दुपारी काय करू त्यांना?"

"काही नको. ते वारले."

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "नाव काय हो त्यांचं?"

"माधव."

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने घेतलं. तेव्हा काहीच वाटलं नाही. आता रोज सकाळी एकदा घेते.