दाराबाहेरच्या चपला

मंडळी, आज सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात आहे. सांगूनच टाकते.

आम्ही ख्रिस्ती. द्रोणागिरीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. दर रविवारी आमच्याकडे पाच-सहा कुटुंबं प्रार्थनेला जमतात. पेटी, टाळ, मोकळ्या गळ्याने भजनं. दाराबाहेर चपलांचा हा एवढा ढीग!

गेल्या महिन्यात कोणीतरी त्या ढिगाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "इथे दर रविवारी काय चालतं? धर्मांतर?" लगेच घरमालकाचा फोन. तेव्हापासून सगळे चपला पिशवीत घालून आत आणतात. खिडक्या बंद, पेटी कपाटावर, गाणं ओठातल्या ओठात. आम्ही काय चोरी करतोय का?

परदेशातली एक मैत्रीण सांगायची, तिकडे प्रार्थनेला एकेकट्याने, लपून जावं लागतं. तेव्हा मला तिची कीव यायची.

आज प्रार्थनेच्या मध्येच बेल वाजली आणि आम्ही सगळे गप्प झालो. दारात शेजारच्या आगरी मावशी.

"आज प्रार्थना नाय का गो? चपला नाय दिसत भायेर."

मी खरं ते सांगितलं. मावशी चपला बाहेरच काढून आत आल्या, "तुमी गा" म्हणाल्या आणि शेवटपर्यंत बसल्या.

तासभर दाराबाहेर एकच जोड होता. तोही त्यांचा.

मला तो ढीग परत हवाय हो. तुमच्याकडे माणसं आली की चपला बाहेरच काढतात ना? कधी कोणी त्यांचा फोटो काढलाय?