मिठाच्या पाण्यातला मासा

काचेच्या पेटीतला सोनेरी मासा आज पुन्हा डौलाने फिरताना पाहून मी खिन्न झालो. लेकीने सासरी जाताना तो माझ्या स्वाधीन केला होता. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठल्यापासून मी औषध म्हणून जाडे मीठ विरघळवून पाण्यात सोडीत आहे, आणि महिन्याकाठी येणारा तिचा फोन रोज येत आहे. आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिताना मी जाणले आहे, की सुस्थितीतल्या माणसाची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

“बाबा, मासा हलला का, की तुमच्या अर्जांसारखा पडूनच आहे?” तिने सायंकाळी विचारले.

“अजून मलूल आहे,” मी उत्तरलो.

“मग मीठ सोडा हं. उद्या करते फोन.”

बऱ्या झालेल्या माशाला मीठ देणे मला प्रशस्त वाटेना. मिठाची वाटी हातात धरून मी पेटीसमोर बसून राहिलो.