मायबापच की आमचे!

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी तोंडावर थुंकण्यापलीकडं काय करणार?

लासुर्ण्याच्या बाजूला आमचा एक फुटबॉल क्लब होता. हसू नका. गावातल्या पोरांनीच काढलेला. पुढं एका शेठनं तो घेतला. भिगवणला हायवेवर हॉटेल, बारामतीत गाड्यांची शोरूम — त्याला ऑफसाइड म्हणजे काय हे आजही माहीत नाही, पण टी-शर्टवर फोटो स्वतःचा! आणि आमची मंडळी? पाठीमागं शेठला आयमाईवरून शिव्या, समोर त्याचीच फुकटची बिर्याणी. वर हात जोडून, "शेठ, तुमच्यामुळं क्लब हाय." लाज म्हणून नाही. मी हसायचो त्यांना. मी तरी कोण होतो? शेठच्या ऑफिसातला कारकून. त्यानं "आपला माणूस" म्हटलं की शेपूट हलवणारा.

शेठला मैदानावर दुकानांचे गाळे काढायचे होते. मैदान गेलं की क्लब संपला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. "लोकांच्या मनात खरं काय हाय ते काढून आण. आधी रशीदचाचाला गाठ. तो आडवा आला तर पोरं पेटतील. मग न्हाय आपल्याला मैदानाला हात घालायचा."

रशीदचाचांचं पंक्चरचं दुकान. पहिल्या मॅचपासून गोलमागं उभं राहणारा माणूस, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. मी गेलो तेव्हा ट्यूब पाण्यात बुडवून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "शेठ व्हय? मायबापच की आमचे! करू द्या की काय करायचं त्ये." आणि बाजूला पचकन थुंकले.

आता सांगा — आमच्याकडं 'मायबाप' असं लांबवून म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे मला कळत नव्हतं? याच मातीतला ना मी? चाचांनी शेठच्या थोबाडीत दिली होती. ती मी पोचवायची होती, एवढंच.

मी शब्द पोचवले. थुंकी गिळली.

"चाचा म्हणतात, शेठ आमचे मायबाप, करू द्या काय करायचं ते." शेठ खूश झाला. मला समोरच्या खुर्चीत बसवून चहा पाजला. तेवढ्यासाठी — हो, तेवढ्यासाठीच.

भूमिपूजनाला शेठ माईकवर ओरडला, "रशीदचाचा मला मायबाप म्हणतात!" चाचा गर्दीत पुढंच उभे होते. त्याच्या बापाच्या वयाचे. सगळं गाव वळून त्यांच्याकडं बघायला लागलं. आणि पहिली टाळी कुणी वाजवली? मी.

मग तीच बिर्याणीखाऊ जमात चाचांना "विकला गेला म्हातारा" म्हणायला लागली. त्यांच्या बाकड्यावर कुणी टेकेना. गाळे उभे राहिले.

एकदा चाचांनी मला रस्त्यात अडवलं. "काय सांगितलं व्हतंस रं त्याला?"

"चाचा, तुमी बोलला तेच. शब्दाला शब्द."

ते म्हणाले, "व्हय... बोललो खरं मी. माझंच चुकलं. तोंड आवरायला पायजे व्हतं."

"व्हय चाचा," मी म्हणालो, "आवरायला पायजे व्हतं."