क्षय नसलेला खोकला

पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की आम्हा तारकर्लीच्या माणसांना हाताला काम नसतं. त्या वर्षी मी धामापूरला सासऱ्यांच्या शेतात लावणीला गेलो. अनवाणीच उतरलो. टाचेला भेग होती, तिच्याकडे कोण लक्ष देतो.

परत आल्यावर ताप भरला, मग खोकला. मालवणच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं आणि औषध दिलं. उतार पडेना. औषध बदललं, तरी नाही. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नव्हते, पण छातीच्या फोटोतला डाग बघून त्यांनी अंदाजाने क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या. तिथून माझी मान खाली गेली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी माझं ताट-तांब्या वेगळं केलं. लेकीला जवळ येऊ देईना. थुंकायला मागच्या माडाखाली जायचो, तेही कोणी बघत नाही ना हे पाहून.

पाऊस सरल्यावर बायको परत मालवणच्या बाजारात मासे विकायला बसू लागली. एकदा औषध घेऊन येताना मी बाजाराच्या कडेने चाललो होतो. तिच्या पाटीसमोर दोघी बायका उभ्या होत्या. एकीने सुरमई उचलली, तर दुसरी हळूच म्हणाली, "ठेव ती. तिच्या घोवाक क्षय झालो असा म्हणतत." सुरमई पाटीत परत ठेवली गेली. बायकोने ऐकलं होतं. ती माशांवर पाणी मारत राहिली. मी तिच्यापुढे न जाता मागच्या गल्लीतून निघून गेलो. समुद्रात वादळाला तोंड दिलेला माणूस मी, आणि बायकोच्या पाटीजवळ उभं राहायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी मी विचारलं, "आज मासे खपाक नाय?"

"खपले थोडे," ती म्हणाली. "लोकांक काय सांगायचा ता मी बघतंय. उद्या आपण गोव्याक जातलो."

बांद्यामार्गे बसने गोव्याच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा रक्तातली साखर तपासली. मला मधुमेह होता, आणि मला पत्ताच नव्हता. मग घशातून नळी घालून तपासायला फुप्फुसातलं पाणी काढलं. त्या म्हणाल्या, "जंतू वाढवून ओळखायला वेळ जातो. नव्या तपासणीत जंतूच्या आतली त्याची खूण यंत्रात वाढवून बघतात. उत्तर लवकर मिळतं."

दुसऱ्या दिवशी त्या खाटेपाशी आल्या. "क्षय नाही. तुम्ही पावसात चिखलात उतरला होता का?"

मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा जंतू होता तो. साखर वाढलेल्या माणसाला लवकर धरतो. क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या. नवं औषध आधी शिरेतून, मग कित्येक महिने गोळ्या. आठवड्याभरात ताप उतरला. बायको पदराने तोंड झाकून रडली. मी मात्र आनंद झाल्याचं दाखवायलासुद्धा लाजलो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला खरंच क्षय होता आणि तो सगळं ऐकत होता.

घरी आल्यावर बायकोने बाजारात ज्याला-त्याला सांगितलं, "क्षय नाय. शेतातल्या चिखलातलो रोग." गिऱ्हाइकं हळूहळू वळली, काही वळलीच नाहीत. पण ही बातमी सासऱ्यांच्या शेताचं नाव लावून धामापूरलाही पोचली. एका दुपारी सासरे तांदळाची पिशवी घेऊन आले आणि अंगणातच थांबले.

"जावयबापू, आमच्या शेतान तुमका ह्यो दिवस दाखवलो," असं म्हणून त्यांनी हात जोडले.

मी घाईने उठलो. "माती सगळीकडेच आसता, मामा. तुमी वर येवा."

"हयच बरा आसा."

शेवटी ते खालच्या पायरीवर टेकले आणि मीच उतरून त्यांच्याजवळ बसलो. बायकोने चहा आणून ठेवला. म्हाताऱ्याने कप हातात घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मलाही त्यांच्याकडे बघवेना.