हशा तेवढा शाबूत

जुन्या संगणकातली फाइल नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरली का, हे पाहायची एक मजेदार रीत आहे. संगणक प्रत्येक फाइलवरून अक्षरा-आकड्यांची एक लांबलचक ओळ काढून देतो. फाइलमध्ये तीळभर फरक पडला तरी ती ओळ बदलते. काल सकाळी बायको जुन्या फाइलची ओळ वाचत होती आणि मी नव्या ओळीवर बोट ठेवून, नाटकातल्या न्यायाधीशासारखा, प्रत्येक अक्षराला “मंजूर!” म्हणत होतो.

“आपल्या पत्रिका एवढ्या बारकाईनं पाहिल्या असत्या, तर मी सुटले असते,” ती म्हणाली.

फाइल अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आवाजाची होती. त्यांचा तेवढाच आवाज आता उरलाय. ओळी तंतोतंत जुळल्या. मी विजयी मुद्रेनं नवी फाइल लावली. अण्णांनी किस्सा छान रंगवत आणला, आवाज खाली घेतला, आणि नेमक्या शेवटच्या वाक्याला नुसती खरखर.

घाईघाईनं जुनी फाइल लावली. तिथंही तीच खरखर.

“प्रत बरोबरच आहे हो,” बायको हळूच म्हणाली. “मूळच बिघडलंय.”

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. दोन्ही सारख्या आहेत का, एवढंच मी त्याला विचारलं होतं. गेलेलं परत आण, असं सांगायची सोय त्यात नाही.

खरखरीनंतरचा हशा मात्र स्वच्छ ऐकू येतो. त्यात सगळ्यांत मोठ्यानं मीच हसतोय. कशाला, ते काही केल्या आठवत नाही.